नळपाणीची घोडी

मी काही फार देवाधर्माची बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. घरात दत्त महाराजांची तसबीर होती, गुरुवारी हार मीच घालायचे, पण हार घालताना लक्ष गॅसवरच्या दुधाकडे. त्यामुळे गिरनारच्या परिक्रमेला जायचं ठरलं तेव्हा मला ते संकटच वाटलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. खानदेशातून येऊन आम्ही सुरतेत नवागामला राहत होतो. यजमान लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, आणि मी नि सासूबाई घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायचो. आदल्या वर्षी यजमानांना कावीळ झाली, माणूस पार हळदीसारखा पिवळा पडला. तेव्हा सासूबाईंनी कोणाला न विचारता नवस बोलून टाकला, की पोरगा उठून बसला तर गिरनारला परिक्रमा घालीन. पोरगा उठून बसला. आता दिवाळीनंतर लूम सुरू झाल्यावर त्याला रजा कोण देणार? आणि साठी उलटलेल्या, साखरेचा आजार असलेल्या बाईला एकटीला सोडायचं कसं? म्हणजे फिरून फिरून गाडं माझ्यापाशी.

"मी एकली जाईन," सासूबाई म्हणाल्या. "दत्त महाराज शेतस ना संगे."

"दत्त महाराज वेळेवर गोळ्या देणार आहेत का तुम्हाला?" मी म्हटलं. अशी मी बोलायचे. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि सरळ उत्तर माझ्या तोंडून क्वचितच निघायचं.

पण एकदा जायचं म्हटल्यावर तयारी मी अंगावर घेतली. पर्वताला वळसा घालणारी जंगलातली पायवाट, सिंह-बिबट्यांचा मुलूख, मध्ये तीन उभे चढ. तिथले लोक चढाला घोडी म्हणतात, आणि नळपाणीची घोडी सगळ्यांत अवघड, असं काकांनी सांगितलं होतं. काका म्हणजे आमच्या गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ, ते पूर्वी दोनदा जाऊन आले होते. त्यांच्यामागे आम्ही आठ बायका. मला रात्र रात्र झोप येईना. दशम्या किती, काठ्या किती, सासूबाईंच्या गोळ्या कोणाच्या पिशवीत? माझ्याच, दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळी घेतल्यावर पोटात लगेच काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर घाम फुटून बाई जागच्या जागी कोसळेल. ते मी घोकून ठेवलं होतं. आणि गर्दीत कोणी चुकू नये म्हणून माझं डोकं चाललं ते असं: आमच्याकडे धागे कापायला येणाऱ्या मालात छपाई बिघडलेला एक लॉट होता, नारंगी साडी, हिरवा काठ. माल देणाऱ्या शेठकडून त्यातल्या आठ स्वस्तात मागून घेतल्या. सगळ्यांनी एकच साडी नेसायची! बायकांनी माझं काय कौतुक केलं म्हणून सांगू.

कार्तिकी एकादशीला पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या भवनाथहून आम्ही निघालो. पहिला दिवस बरा गेला. सागाची झाडं, पायाखाली वाळलेली पानं, जागोजागी अन्नछत्रं, आणि माणसांचा नुसता पूर. दोन चढ झाले. सासूबाई माझ्यापेक्षा निवांत चालत होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याला "जय गिरनारी" म्हणत. मी मात्र दर शंभर पावलांवर मागे वळून नारंगी साड्या मोजायचे. काका हसायचे, "अगं, परिक्रमा करतेस की पहारा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना गोळी दिली आणि पिशवीतून दशमी काढायला वाकले. तेवढ्यात अन्नछत्रातल्या एका मुलीने त्यांच्या हातावर बुंदीचा द्रोण ठेवला. मी वर पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. सगळ्या बायकांदेखत त्यांच्या हातातून द्रोण ओढून घेतला. "साखर वाढली की निस्तरायचं मलाच ना?" त्यांनी पदराला हात पुसले. मी पुढे केलेली दशमीही घेतली नाही. "मग खाईन" म्हणाल्या आणि चालायला लागल्या. मीही रागातच होते. म्हटलं, लागेल भूक तेव्हा मागतील.

नळपाणीच्या घोडीवर दगड, घसरण आणि माणसांची रेटारेटी. काका आणि बाकीच्या पुढे होत्या, सासूबाई माझ्या मागे. मी मधून मधून वळून बघत होते, नारंगी साडी चार पावलांवर दिसत होती, जीव भांड्यात पडत होता. अबोला होता म्हणून हाक मारली नाही. वर पोचल्यावर पाणी पुढे करत म्हटलं, "घ्या आता." तर समोर भलतीच बाई! बारडोलीकडच्या कुठल्यातरी गटातली. तिच्या मागे तिच्यासारख्या आणखी दोघी. तो बिघडलेला लॉट शेठने आणखी किती जणांना विकला होता देव जाणे.

गोळी पोटात, अन्नाचा कण नाही, आणि त्याला कारण मी. काकांना मी बायकांसह पुढे बोरदेवीच्या मुक्कामाला पाठवलं, न जाणो त्या गर्दीत पुढे निघून गेल्या असतील तर. आणि स्वतः उलटी खाली उतरायला लागले, येणाऱ्या माणसांचे धक्के खात, "माझ्या सासूबाई पाहिल्यात का, नारंगी साडी, हिरवा काठ" असं विचारत. लोक बिचारे हात करून दाखवायचे. मी धावत जायचे. दर वेळी दुसरीच कोणीतरी.

पायथ्याच्या अन्नछत्रात माइक होता. तिथल्या माणसाने कागद घेतला आणि विचारलं, "ओळखाण शुं, बेन?" म्हणजे खूण काय. मी साडी सांगितली. तो म्हणाला, साडी ठीक, पण बाई कशी आहे? बारीक, मी म्हटलं. साठीच्या. गोंदण आहे का? आहे, कपाळावर... की हनुवटीवर? दात? चालताना काठी कोणत्या हातात? तेरा वर्षं एका खोलीत समोरासमोर बसून धागे कापले होते आम्ही. त्यांची साखर किती ते मला पाठ होतं, आणि चेहरा सांगता येईना. त्याने शेवटी साडीचाच पुकारा केला आणि पाचेक नारंगी साड्या मंडपात येऊन उभ्या राहिल्या. त्या हसत होत्या.

ऊन कलायला लागलं तशी मी वाटेच्या बाजूला एका दगडावर बसले. डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. कुठे पडल्या असतील, कोणी पाणी तरी दिलं असेल का, घरी जाऊन यजमानांना कोणत्या तोंडाने सांगू? तेव्हा वर शिखराकडे पाहून मी बोलले. नवस नव्हता तो, देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. म्हटलं, महाराज, माझी अक्कल संपली. सगळं मी केलं, आणि मीच घोटाळा करून ठेवला. आता तुम्ही बघा. एवढंच म्हटलं आणि लहान पोरीसारखी रडले.

किती वेळ गेला कोण जाणे. झाडीतून म्हशीला घालतात तशी हाक ऐकू आली आणि एक मालधारी बाई बाहेर आली. काळं लुगडं, हातात काठी, पायात जाड चांदीची कडी. जंगलात गुरं राखणाऱ्यांपैकी. ती माझ्यासमोर थांबली, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तूं सुरतनी ने?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी फटकन बोलले. रडतानासुद्धा!

ती खो खो हसायला लागली. "एज छे!" म्हणाली. हीच ती. मग तिने तिच्या भाषेत सांगितलं ते असं. तिच्या झोपडीत सकाळपासून एक म्हातारी बसली आहे. चढाआधी पाणी प्यायला ओढ्यात उतरली, वर येऊन घाईघाईने दुसऱ्याच नारंगी साडीमागे आडवाटेला लागली, आणि झोपडीपाशी घेरी येऊन बसली. गूळ चाटवला तेव्हा शुद्धीवर आली. पण स्वतःचं काही सांगेना. सून हरवली म्हणते. जाईल त्याला सांगते, माझी सून शोधा. साडीवर जाऊ नका, ती सगळ्यांचीच आहे. डाव्या भुवईत लहानपणची खोक आहे, उजवं पाऊल जरा बाहेर टाकते, कातर धरून अंगठ्याला घट्टा पडलाय. कपाळाला आठी असेल. बोलायला जाल तर आधी तोडून बोलेल, मग ऐकेल. पण मनाची चांगली आहे, घाबरली असेल, तिला ओरडू नका.

तिच्यामागे चालताना मी विचारलं, या बाजूला कशा आलात? तर म्हणाली, म्हैस सुटली होती, तिला शोधत आले. एरवी ती ही वाट कधी धरत नाही. यावर मी काही म्हणणार नाही. म्हशी सुटतातच.

सासूबाई झोपडीच्या दारात बसल्या होत्या. पुढ्यात भाकरी आणि ताकाची वाटी, तशीच झाकलेली. मला पाहून उठायला गेल्या, उठवेना. "कोठे गयथी वं तू?" म्हणाल्या, "काही खादं का नही?" मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून जे रडले ते रडले. मग मी त्यांना भरवलं आणि त्यांनी मला. गोंदण हनुवटीवर होतं, तीन ठिपके. निघताना सासूबाईंनी त्या बाईची म्हैस सापडावी म्हणून गिरनारकडे तोंड करून हात जोडले, आणि पहिल्यांदाच मीही मनापासून जोडले. हळूहळू घोडी चढून बोरदेवीला पोचलो तेव्हा रात्र बरीच झाली होती. काका गर्दीत वाट बघत उभे होते, आम्हाला पाहून ते मटकन खालीच बसले.

लोक विचारतात, दर्शन झालं का? काय सांगू? मी सगळं हातात घट्ट धरून ठेवलं होतं तोवर माझ्या हाती काही लागत नव्हतं, आणि मूठ सुटली तेव्हा सगळं आपोआप घरी आलं. ही कृपा कोणाची, हे मी जाणते. गुरुवारी आता गॅस बंद करून हार घालते.

सुरतेला परतलो तेव्हा यजमान स्टेशनावर आले होते. काकांनी गाडीतून उतरताच त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी आईचा हात धरला आणि काळजीने विचारलं, "माय, तू हरवली होती म्हणे?"

"मी कसाले हरवसू?" सासूबाई म्हणाल्या आणि काठीने माझ्याकडे दाखवलं. "ही हरवी गयथी."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, आता मी काय बोलते म्हणून. मी म्हटलं, "हो. मीच हरवले होते. सासूबाईंनी शोधलं."