बावन्न किलो

माझं वजन मला पहिल्यांदा बारामतीच्या बाजारात कळलं, कांद्याच्या काट्यावर. लग्नाला वर्ष झालं होतं. ह्यांनी मला हाताला धरून काट्यावर चढवलं. मी पदर तोंडात धरून खाली बघत उभी राहिले. बावन्न किलो भरले. हमाल म्हणाला, "पाव्हणं, ह्यो माल कुठल्या आडतीला घालायचा?"

"इकायचा न्हाय," हे म्हणाले. "ह्येचं आमी माप करणार हाय."

सगळे हसले. घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही.

हे पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. जळकी तार काढायची, तांब्याची नवी तार गुंडाळायची. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरकतं, तसे काठावरच्या पळसदेवचे लोक पाण्यामागं मोटारी हलवत नेतात, आणि त्याच दिवसांत त्या जास्त जळतात. मोटार आमच्या वडगावला आणून परत न्यायची म्हणजे चार-पाच दिवस पिकाला पाणी नाही. म्हणून ह्यांनी दुकानच तिकडं न्यायचं ठरवलं. जुन्या जीपमागं ओढायला दोन चाकांचा गाडा केला, वर पत्र्याची खोली. आत हत्यारं, तारेची रिळं, स्टोव्ह, पाण्याचं पिंप आणि दोघांना जेमतेम पुरेल अशी बाज. उन्हाळ्याचे दोन महिने आम्ही पाण्याच्या कडेला त्या खोलीत राहायचो. पाणी उतरलं की जुनं देऊळ वर यायचं, आणि मी सकाळी देवळापाशी भांडी घासायला जायची. मला माणसांत बोलायला जमत नाही. तिथं बोलायची गरजच नसायची.

त्या गाड्याचं एक गणित होतं. गाड्याची दांडी जीपच्या हुकात बसते. त्या दांडीवर भार फार झाला तर जीप मागं बसते. भार कमी झाला तर गाडा शेपटीसारखा हलतो आणि जीपलाही घेऊन जातो. सगळ्या वजनाचा दहावा हिस्सा दांडीवर हवा, असं ह्यांना एका ट्रकवाल्यानं सांगितलं होतं. भरलेला गाडा काट्यावर घातला तर सव्वापाच क्विंटल भरला. दहावा हिस्सा म्हणजे बावन्न किलो. म्हणजे मी.

निघताना हे जमिनीवर एक लोखंडी पाईप टाकायचे, त्यावर बरोबर मधोमध फळी. फळीच्या एका टोकावर दांडी टेकवायची, दुसऱ्या टोकावर मी उभी राहायची. फळी सरळ झाली की दांडीवर माझ्याएवढाच भार, माप जमलं. नाही झाली तर आतल्या मोटारी पुढंमागं सरकवायच्या.

सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, उंबऱ्यात बसून बघायचे. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, बिऱ्हाड घोड्यावर लादून. ते म्हणायचे, "दोनी अंगाला सारखं घालावं. पुढं जड, मागं हलकं, ही कसली लादणी?"

"आबा, घोडं चार पायाचं असतंय. ह्येला दोनच चाकं."

"आन् दर खेपेला बायकूला तराजूत घालतोस, तिला इचारलंस का कवा?"

"तिला काय इचारायचं? ती बोलतीया कुठं?"

मी फळीवर उभी राहून हसायची. मला ते आवडायचं. माझ्याशिवाय गाडा हलत नव्हता.

पंच्याण्णवच्या आसपासचा पौष. मला सातवा लागला होता. पोटातली हालचाल थांबली. बारामतीच्या दवाखान्यात मुलगी झाली, मेलेली. हे तिला कापडात गुंडाळून घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी आले. त्यानंतर आमच्या घरात कुणी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. मी ताट घेऊन बसायची आणि तसंच उचलून कुत्र्याला घालायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी लांब बाह्यांची पोलकी घालायला लागले. फाल्गुनात तपासणीला गेले तेव्हा नर्सनं काट्यावर उभं केलं आणि म्हणाली, "अगं, एक्केचाळीसच? खातेस का न्हाईस?" मी मान हलवली. हे बाहेर जीपपाशी होते. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती मुलगी पुन्हा मध्ये आली असती.

चैत्रात पळसदेवहून निरोप आला. हे तीन महिन्यांनी पहिल्यांदा अंगणात गुणगुणत फिरत होते. गाडा भरला, पाईप टाकला, फळी ठेवली. "चढ," म्हणाले.

मी चढले. दांडी हलली नाही.

"जड झालीया पुढं," म्हणत त्यांनी आतली एक मोटार हातभर मागं सरकवली. तरी नाही. पिंप मागं घेतलं. मग फळीसकट मी हळूच खाली गेले आणि दांडी वर आली. फळी सरळ झाली. हे माझ्याकडं बघून हसले. पौषानंतर पहिल्यांदा. "बघ, बसली का न्हाय मापात!"

मला आकडा ठाऊक होता. वाटलं, आत्ता सांगितलं तर हे हसू जाईल. अकरा किलोनं काय होतंय, असंही वाटलं. मी फळीवरून उतरले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

इंदापूर सोडल्यावर उताराला एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. गाडा मागं झुलायला लागला. आधी हळू, मग जोरात. ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाड्यानं आम्हाला आडवं केलं. माझं मनगट मोडलं. ह्यांच्या छातीत स्टिअरिंग बसलं.

नऊ दिवस दवाखान्यात होते. पाचव्या दिवशी शुद्धीवर आले तेव्हा आबांना एवढंच म्हणाले, "माप बराबर व्हतं, आबा. हिला इचारा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय का गं, पोरी?"

"व्हय," मी म्हणाले.

ह्यांनी डोळे मिटले. माझ्या त्या शब्दावर त्यांचा विश्वास बसला, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

ह्यांच्या तेराव्यानंतर मी चुलीपाशी बसले होते. भाकरी थापायला बाह्या वर केल्या होत्या. आबा पाणी मागायला आले आणि माझ्या हातांकडं बघत दारातच थांबले. म्हणाले, "घोडंसुदीक लादायच्या आदी रोज बघतोय आमी, पाठ उतरली का, हाडं वर आली का. तुला कुणी बघितलंच न्हाय."

त्यांनी दोष स्वतःकडं घेतला. मी तो घेऊ दिला. पुढं बारा वर्षं त्यांनी माझ्या ताटात स्वतः भाकरी वाढली, संपेपर्यंत समोर बसले. मी जेवत राहिले. बोलले नाही.

आबा मागच्या वर्षी गेले. फळी गोठ्यात आहे, तिच्यावर वैरण ठेवतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत, मोठं काही लिहिता येत नाही. एवढंच लिहायचं होतं. त्या दिवशी मी एक्केचाळीस किलो होते, आणि मला ते माहीत होतं.