पारीवरची मुलाखत आणि चुलीवरचं आधण

माझ्या मार्कांबद्दल घरी कोणी कधी वाईट बोललं नाही आणि चांगलंही बोललं नाही. इंजिनिअरिंगची सगळी वर्षं मी मधल्या बाकावर आणि मधल्या मार्कांवर काढली. गणित आवडायचं, पण एखादं रंगलं की मी त्यातच रमायचे आणि बाकीचा पेपर कोरा राहायचा. अशा मुलीनं क्वांटिटेटिव्ह फायनान्सच्या मास्टर्सला अर्ज करावा, म्हणजे बाजारातली जोखीम गणितानं मोजायला शिकावं, याचं मैत्रिणींना हसू आलं. कॉलेजांनाही आलं असावं, कारण एकेकाचा नकार येत गेला. शेवटी पुण्याच्या एकाच संस्थेनं ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. हे हुकलं तर दुसरं काही उरलं नव्हतं. तारीख बघितली आणि तोंडचं पाणी पळालं. त्याच दिवशी आमच्या गावची मंडई होती.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, दंडारीचे नाच, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. बोलावणं कोणी धाडत नाही, येतो म्हणून कोणी कळवत नाही, पण आलेला माणूस न जेवता गेला तर आमचं नाक कापलं जातं. भोंगे तर सकाळपासूनच कोकलत असतात. तारीख बदलून मागावी असं कोणीतरी सुचवलं, तेव्हा मी खेकसलेच. मार्क असे आणि वर नखरे कसले!

बाबांनी तोड काढली. "तलावाच्या पारीवर जाय. तिथं नेटवर्कबी रायते अन् भोंगेबी कमी आयकू येतात. मी उभा रायतो, कोनाले तुह्याकडं येऊ देत नाही."

बेत झकास होता. एवढंच विसरलो, की साकोलीची बस फाट्यावर थांबते आणि तिथून गावात यायची वाट त्याच पारीवरून, तलावाच्या बांधावरून जाते. बाबांनी सगळ्यांना थोपवलं असतं, पण स्वतःच्या थोरल्या बहिणीला थोपवायची त्यांची छाती नव्हती.

पडद्यावर एक सर आणि एक मॅडम होत्या. सरांनी पहिलाच प्रश्न मार्कांवर विचारला. मी पाठ केलेलं उत्तर म्हणू लागले. ते मलाच कंटाळवाणं वाटत होतं. तेवढ्यात आत्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"अवं पोरी, मंडईच्या दिवशी इथं कायले बसून राहिलीस? भांडन झालं का घरी?"

मंडईला आलेल्या आत्याच्या पाया पडायचं नाही, हे माझ्यानं होणं नव्हतं. लॅपटॉप मोहाच्या झाडाच्या मुळावर ठेवला आणि वाकले. आत्यानं पडद्यात डोकावून बघितलं. "हे कोन? यायलेबी बोलाव ना जेवाले!"

मला वाटलं, संपलं. पण मॅडम खळखळून हसल्या आणि मराठीत विचारू लागल्या, "किती जण येणार आहेत जेवायला?"

"माहीत नाही मॅडम. कधीच माहीत नसतं."

"मग भात किती टाकता?"

"टाकतच नाही. आई फक्त आधण उकळत ठेवते. पारीवर पाहुणे दिसले की माणसं बघून तांदूळ टाकते."

सरांनी मान वर केली. "आधण उकळत ठेवणं फुकट पडत नाही."

"नाही सर, सरपण जळतं. कोणी आलं नाही तर तेवढंच वाया जातं, भात वाया जात नाही."

"आणि सगळे एकदम आले तर?"

"तर फजिती होते. मग पाहुणे आधी जेवतात आणि घरचे मागून, उरेल ते."

"याला आम्ही ऑप्शन म्हणतो," सर म्हणाले. "थोडी किंमत आधी मोजायची आणि निर्णय मागाहून घ्यायचा हक्क राखून ठेवायचा."

शब्द मला ठाऊक होता, मुलाखतीसाठी घोकलाही होता. आईच्या आधणाच्या गंजाशी, त्या पातेल्याशी त्याचं नातं मात्र त्या क्षणी दिसलं. सरांनी त्यावरच एक गणित घातलं आणि म्हणाले, घाई नाही. घाई नाही म्हटल्यावर मला आणखी काय हवं होतं! मी त्यात अशी बुडाले की बाबा कधी शेजारी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही.

प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा आई म्हणाली, "आता तुहे मार्क कोनी इचारनार नाही ना?" तिला तेवढीच काळजी होती.

पुढच्या मंडईला मी पुण्याहून आले. फाट्यावर आत्या भेटली आणि आम्ही पारीवरून चालू लागलो. तिथून आमचं अंगण दिसतं. चुलीपाशी उभ्या आईनं कपाळाशी हात धरून आमच्याकडे बघितलं, वळली आणि गंजात तांदूळ टाकले. पारीवर कोण दिसतंय हे दरवर्षी तिला मी सांगायचे. या वर्षी ती मला बघून तांदूळ टाकत होती. डोळे भरून आले.

"रडाले काय झालं?" आत्या म्हणाली. "चाल लवकर, भात होऊन राहिला."

आईनं पहिल्या पंगतीत, पाहुण्यांच्या रांगेत माझं ताट मांडलं होतं. मी ते उचललं आणि तिच्या हातातली भातवाढी घेतली.

"मी घरची आहो," मी म्हणाले. "मागून जेवीन."