विंगेत लपवलेलं यंत्र

मिस्त्रींनी आयुष्यभर नाटकांचे सेट उभे केले. राजवाडे, तुरुंग, एकदा तर चक्क धबधबा! टाळ्या नटांनी घेतल्या, पण मिस्त्रींना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "आपण दिसलो की आपलं काम फसलं," असं ते म्हणायचे. खिळा दिसायचा नाही, दोरी दिसायची नाही आणि खडखडणारं जे काही असेल ते विंगेत.

निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या खोलीत त्यांनी करवतीचं टेबल मांडलं. मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटर. चौकटी, फळ्या, कपाटं, जो येईल त्याचं काम करून देत. मिस्त्री खुशीत होते. त्यांच्या बायकोला, बाईंना, मात्र खोकला लागला.

मुलगी नर्स. तिने आईची छाती ऐकली आणि वडिलांना सुनावलं, "बाबा, लाकडाची धूळ बाधतेय हिला. महिन्याभरात बंदोबस्त करा, नाहीतर करवत विकू. गिऱ्हाईक मी आणते."

"विकायला नको गं," बाई म्हणाल्या. "करवत गेली की हा माणूस दिवसभर मलाच कापत बसेल."

मिस्त्रींनी भुसा ओढणारं यंत्र आणलं. मोठा पंखा, जाड पाइप, वर कापडी पिशवी. दुकानदाराने बजावलं होतं, "करवतीला खेटून ठेवा, पाइप आखूड ठेवा."

पण एवढा आवाज करणारी वस्तू भर रंगमंचावर? मिस्त्रींच्या हाताला ते पटेना. त्यांनी यंत्र घरातल्या मधल्या बोळात नेलं, प्लायच्या आडोशाने झाकलं आणि पाइप कपाटामागून, दारावरून, कोपरे घेत घेत करवतीपर्यंत आणला. उरलासुरला भुसा ते झाडून घेत. खोली लख्ख झाली. खोकला वाढला.

"फरशी बघ, जेवायला बसावं अशी आहे," मिस्त्री म्हणाले.

"अहो, मी काय फरशीवरून श्वास घेते?"

 दुपारी मिस्त्रींनी खिडक्या लावून घेतल्या आणि अडगळीतला जुना स्पॉटलाइट काढला. अंधाऱ्या थिएटरात झोत पडला की हवेत काय तरंगतंय ते दिसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? एक फळी कापली. झोतात पिठासारखी पूड भिरभिरत होती. एवढी वळणं घेताना पाइपातल्या हवेचा दमच निघून गेला होता.

मग दिवा बोळात नेला आणि त्यांचा चेहरा उतरला. पिशवी जाड भुसा धरून ठेवत होती, पण बारीक पूड तिच्यातून धुरासारखी सुटत होती. आणि समोरच बाईंच्या खोलीचं दार.

"मीच तुझ्या दारात नेऊन सोडली गं," ते म्हणाले.

"आता बोलत काय बसलात? हलवा ते!"

यंत्र करवतीशेजारी आलं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पाइप हातभर आणि सरळ. टेबलाचं उघडं पोट मिस्त्रींनी प्लायने बंद केलं, हवा आत यायला पुढे थोडी फट ठेवली. पात्यावर झाकण, त्यालाही एक छोटा पाइप. कापडी पिशवीच्या जागी बारीक पूड अडवणारा घड्याघड्यांचा फिल्टर. पुन्हा दिवा लावला. झोत जवळजवळ रिकामा होता. तरी भुसा ओतायचा तो अंगणात आणि तोंडाला मास्क बांधून.

महिना भरला. मुलगी गिऱ्हाइकाला घेऊनच आली. मिस्त्रींनी टेबल पुसून ठेवलं होतं. "तिचा खोकला तसाच असेल तर आजच न्या," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

मुलीने आईची छाती बराच वेळ ऐकली. "खोकला?"

"सकाळी येतो थोडा. पहिल्यासारखा नाही."

मुलीने पुन्हा एकदा ऐकलं. मग समाधानाने मान डोलावली. गिऱ्हाईक टेबलावर हात फिरवत म्हणालं, "मग काय, देताय ना?"

"करवत नाही मिळायची," बाई म्हणाल्या. "एवढ्या लांब आलात, तर एखादं स्टूल सांगून जा. हे करून देतील."