एका कान्याची शिल्लक

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे लिहितो आहे, आपल्या आजार-फंडाचा चिटणीस म्हणून.

आज सकाळी आपले सभासद, विणकर रसूलभाई यांच्या पत्नी अमीनाबी आल्या. रसूलभाईंच्या इस्पितळखर्चाचा अर्ज आपण नाकारला होता. दमा जुना, सभासद होण्याआधीचा, असे कारण दिले होते. ते परवा वारले.

"भाऊसाहेब, त्यांना दमा कधीच नव्हता," त्या म्हणाल्या. "नाव नोंदवताना, तुमचा जिना चढून दम लागला, एवढंच बोलले होते. तुम्हाला नाय लागत?"

मलाही रोज लागतो. मी नोंदणीचा कागद काढला. त्यावर 'दमा' लिहिले होते. अक्षर माझे होते.

मी म्हणालो, रक्कम आजच मंजूर करतो.

"आता औषध कोणाला पाजू?"

त्या गेल्यावर नाकारलेल्या सगळ्या अर्जांची बेरीज केली. वार्षिक सभेत ज्या शिल्लकेवर आपण टाळ्या वाजवल्या, ती निम्मी त्यांतूनच उरली आहे. त्यांतले किती अर्ज असेच बुडाले, ते मला ठाऊक नाही. माझ्याच अक्षराची तपासणी मी करू नये.

गठ्ठा टेबलावर ठेवला आहे. तपासायला कोण बसेल?