पहिला इंच मालकाचा

माझ्या मामेसासऱ्यांशी दहा मिनिटं बोलून ‘चारशे’ हा आकडा न ऐकता सुटलेला माणूस धुळ्यात शोधून सापडणार नाही. त्यांच्या दूधवाल्याला तो आकडा पाठ आहे, रक्तदाब तपासणाऱ्या नर्सबाईंना पाठ आहे. जळगाव-धुळे गाडीच्या एका कंडक्टरने तर तिकीट फाडता फाडता मला विचारलं होतं, “त्या चारशेवाल्या आबांकडेच ना?” मामा आयुष्यभर सुतारकाम करत आले. सत्तरीच्या उंबरठ्यावर उजवा हात कापायला लागला, तेव्हा दुसरा कोणी देवाचं नाव घेत ओट्यावर बसला असता. मामांनी मात्र मोबाइलवर शे-दीडशे व्हिडिओ पाहिले आणि संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं सीएनसी यंत्र घरीच बनवायला घेतलं. मामींच्या शिलाई मशीनचं टेबल, भंगारातल्या दोन प्रिंटरच्या दांड्या आणि कपाटाच्या खणांच्या पट्ट्या अशा ऐवजातून ते पुढच्या खोलीत उभं राहिलं. तेव्हापासून त्या घरात पाहुण्यांनी स्वयंपाकघरात बसायचं असा रिवाज पडला.

तर चारशे. हा हिशेब मी इतक्या वेळा ऐकलाय, की झोपेतून उठवलं तरी सांगेन. मोटार एका फेरीत दोनशे पावलं टाकते, तिला मामा ‘स्टेप’ म्हणतात. ड्रायव्हर नावाची डबी प्रत्येक पावलाचे सोळा तुकडे करते, म्हणजे झाले बत्तीसशे. तेवढ्यात स्क्रू आठ मिलिमीटर सरकतो. बत्तीसशेला आठाने भागा. “चारशे स्टेपमा एक मिलिमीटर! जास्त नही, कमी नही,” असं म्हणून मामा मांडीवर थाप मारत. मी जळगावच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. जावई मास्तर आहे एवढ्यावरच त्यांनी मला गणितात ओढलं होतं, आणि वर सुनवायचे, “जवाईबापू, तुमना इतिहासमा एक तरी गोष्ट इतली पक्की शे का?”

यंत्राचं पहिलं काम म्हणजे दारावरची नावाची पाटी. मामांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, कळ दाबली. मोटारीची एक तार उलटी जोडली गेली होती, त्यामुळे सगळं नाव उजवीकडून डावीकडे कोरून निघालं. मामींनी ती पाटी बैठकीत आरशासमोर टांगली. आजही त्या घरात यजमानांचं नाव वाचायचं तर आरशात बघावं लागतं, आणि मामा पाहुण्यांना तिकडे स्वतः घेऊन जातात.

पण हा सगळा खटाटोप हौसेपोटी नव्हता. मामांना सुतारकाम शिकवलं ते त्यांच्या मोहल्ल्यातल्या एका उस्तादांनी. उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची बायको, म्हणजे मामांची चाची, अजून त्याच घरात राहते. त्या घराच्या खिडकीला उस्तादांनी स्वतः कोरलेल्या फुलांच्या जाळीची दोन पाखं होती. त्यातलं एक वाळवीने खाल्लं. चाचीच्या मुलाला ती खिडकीच काढून ॲल्युमिनियमची सरकती बसवायची होती. चाचीने ईदपर्यंत मुदत मागून घेतली आणि मामांना म्हणाली, “भाई, आप बना दो. आप नहीं बनाओगे तो कौन बनाएगा?” मामा कापरा हात पाठीमागे धरून ‘हो’ म्हणून आले. त्या एका ‘हो’पायी शिलाई मशीनचं टेबल गेलं.

ईद तीन आठवड्यांवर आली आणि यंत्र बिघडलं. म्हणजे चालत होतं छान, पण माप चुकत होतं. शंभर मिलिमीटर सांगावं तर पट्टीवर एकशे दोन भरायचे. मला तातडीचा फोन आला, मी शनिवारची शाळा सुटल्याबरोबर गाडी धरली. बघतो तर मामा चारशेचे तीनशे ब्याण्णव करून बसलेले. शंभराला बरोबर आलं, पण दोनशेला कमी पडलं. मग तीनशे शहाण्णव केले. दोनशेला बरोबर आलं, तर पन्नासला जास्त. जो माणूस गावभर चारशे चारशे करत फिरला, त्याने दिवसभरात अकरा आकडे बदलले. रविवारी सकाळी मामींनी पुढे केलेली भाकरी त्यांनी परत सारली आणि म्हणाले, “जवाईबापू, मना गणितना काय दोष शे?” मामांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

शेवटी पुन्हा चारशे लावून आम्ही पहिल्यापासून मोजलं. पन्नासचे बावन्न, शंभराचे एकशे दोन, दोनशेचे दोनशे दोन. मामी दारात मेथी निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “मशीन चुकतं तर लांबीसंगे चूक वाढती ना? आठे ते पन्नासले बी दोन अन् दोनशेले बी दोनच शे. मना टेपनं टोक तुटनं तवय असंच व्हतं. बाही बी दोन बोट खोटी अन् कंबर बी दोन बोट खोटी. ती पट्टी देखा पहिले.”

ती पट्टी म्हणजे उस्तादांची. शिसवी लाकडाची, एका अंगाला इंच आणि दुसऱ्या अंगाला मिलिमीटर. मामा वेगळे होऊन धंदा करायला निघाले तेव्हा उस्तादांनी ती त्यांच्या हातात दिली होती. “उस्तादनी पट्टी खोटी कशी व्हई?” म्हणत मामा उसळले. मी ती उजेडात धरली. टोकाची पितळी टोपी केव्हाच पडून गेली होती, आणि शून्यापाशी बरोबर दोन मिलिमीटर लाकूड नव्हतं.

मामांनी त्या टोकावरून अंगठा फिरवला, आणि मग जे हसत सुटले ते थांबेचनात. उस्तादांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, “पहला इंच मालिक का, बाकी अपना.” पट्टीचा पहिला इंच देवाचा म्हणून सोडायचा आणि पुढून मोजायला सुरुवात करायची. मामांनी चाळीस वर्षं तसंच मोजलं होतं, घास खाण्याआधी चित्राहुती घालावी तसं, का ते न विचारता. यंत्र आल्यावर मात्र ते म्हणाले होते की विज्ञानात असली भाबडी रीत चालायची नाही, आणि पट्टीचं टोक थेट शून्याला भिडवलं होतं. “उस्तादले ठाऊक व्हतं,” डोळे पुसत मामा म्हणाले. “टोक झिजस म्हनीसन इंच सोडाले लावे. अन् मी मालिकना इंच भी खाई टाका!” चारशे होते तिथे परत आले. त्या दिवशी मामांनी तीन भाकरी खाल्ल्या.

ईदच्या चार दिवस आधी आम्ही जाळी घेऊन चाचीकडे गेलो. शाबूत पाखावर कागद ठेवून, पेन्सिल घासून नक्षी उतरवली होती. यंत्राने ती सागवानात कोरली होती. पाख चौकटीत ठोकावं न लागता बसलं. चाचीला आता फारसं दिसत नाही. तिने जुन्या जाळीवरून बोट फिरवलं, मग नव्या जाळीवरून, मग पुन्हा जुन्या. म्हणाली, “बैठा तो बराबर है भाई. पर ये बहुत सीधा है. उनका हर फूल जरा अलग रहता था.”

मी मामांकडे बघायला धजलो नाही. मापात खोट काढली म्हणून सख्ख्या व्याह्यांशी तीन महिने अबोला धरणारा हा माणूस. पण मामांचा चेहरा फुलला होता. “देखं का जवाईबापू? मशीनले उस्ताद जमना नही!” असं म्हणत त्यांनी पिशवीतून कोरकामाची पटाशी काढली आणि जाळीसमोर मांडी घातली. दोन वर्षांत त्यांनी पटाशीला हात लावला नव्हता. हात कापत होताच. त्यांनी तो आवरायचा प्रयत्नही केला नाही. एका पाकळीवरून पटाशी जरा घसरली, दुसरीवर जरा अडली, तिसरीवर वळली. एकेक फूल वेगळं होत गेलं. चाचीने पुन्हा बोट फिरवलं, बराच वेळ फिरवलं. “अब ठीक है,” ती म्हणाली. मुलाने बाहेर जाऊन ॲल्युमिनियमवाल्याला फोनवर नको म्हणून सांगितलं.

स्टँडपर्यंत मामा मला पोहोचवायला आले, आणि वाटेत एकदाही चारशे म्हणाले नाहीत. गाडी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, “जवाईबापू, तठे मना हात हालना, तो कितला स्टेप हालना व्हई?” मी सवयीने खिशातलं पेन काढलं. त्यांनी ते हलकेच परत खिशात सारलं. “राहू द्या,” म्हणाले.

गाडी सुटली. मी खिडकीतून मागे बघितलं, तर ते अजून तिथेच हात वर करून उभे होते. हात हलत होता. त्यातलं निरोपाचं हलणं किती आणि कापण्याचं किती, हे मीही मोजलं नाही.