दोन गुडघे आणि गोठलेले खोबरेल

"बदललेल्या सांध्यात जंतुसंसर्ग झालाय. सांधा काढावा लागेल," नाशिकचे डॉक्टर म्हणाले. मग मला विचारले, "इतके दिवस काय केलंत?"

मी पिशवीतून वही काढली. जव्हारच्या कचेरीत नोंदी ठेवणे हेच माझे काम. सासूबाईंच्या गुडघ्याच्याही ठेवल्या होत्या.

दीड वर्षापूर्वी दुसऱ्या शहरात त्यांचा उजवा गुडघा बदलला. नंतर काही महिने तो गरम राहतो, तसा राहिला आणि निवला. दिवाळीनंतर पुन्हा दुखू लागला. तीन महिन्यांत त्याच हॉस्पिटलात चार खेपा झाल्या. चारही वेळा एक्स-रे, चारही वेळा तेच उत्तर: "फोटो छान आहे. वय झालं, दुखणारच." गुडघ्याला हात कोणीच लावला नाही. थर्मामीटरही रोज नॉर्मल.

सासूबाई सूर्यमाळच्या. उन्हाळाभर डोंगर चढून पाणी आणलेले ते गुडघे. थंडीत आमच्याकडे खोबरेल बाटलीतच गोठते. त्या ते काडीने काढून दोन्ही गुडघ्यांवर ठेवत.

"सूनबाई, बघ गं. याच्यावर ठेवताच पाणी होतंय, त्याच्यावर अजून लोणीच आहे."

मी घड्याळ घेऊन बसले. आठ दिवस, एकच वेळ, तेवढेच तेल. रोज उजव्यावरचे आधी वितळले.

चौथ्या खेपेला ती नोंद दाखवली. तिथले डॉक्टर हसले. "ताई, तेलावरून निदान?"

"मग तुम्ही हातावरून करा," सासूबाई म्हणाल्या. "लावा हात."

त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावले.

नाशिकच्या डॉक्टरांनी आधी तळहात ठेवला, एकेका गुडघ्यावर. मग अ‍ॅस्पिरेशन, म्हणजे सुईने सांध्यातले पाणी काढून तपासणे. त्यात जंतू निघाले. लवकर आला असतात तर कदाचित आतून धुऊन सांधा वाचवता आला असता, असे ते म्हणाले. ते वाक्यही वहीत आहे. सांधा काढून स्पेसर बसवला, म्हणजे औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा. दोन महिन्यांनी नवा सांधा. बहात्तराव्या वर्षापर्यंत एकाच गुडघ्यावर तीन ऑपरेशने.

पुढच्या काळात अशा सांध्यांतच सेन्सर बसवतील, आतली उष्णता वाढली की तो कळवेल, असे डॉक्टरांनी सांगितले. जरूर बसवावा. पण आम्ही तीन महिने कळवतच होतो.

तुमच्या घरी कोणाचा सांधा बदलला असेल, तर दोन्ही बाजूंना रोज हात लावून पाहा. फरक वाटला तर लिहून ठेवा, आणि डॉक्टरांनी हात लावेपर्यंत खुर्ची सोडू नका.

पुढच्या थंडीत सासूबाईंनी पुन्हा काडीने दोन्ही गुडघ्यांवर खोबरेल ठेवले. मी घड्याळ आणायला उठले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे लोणीच आहे."