बांगड्यांचा हात

परळच्या आमच्या देवळाबाहेर एक दगड आहे. त्यावर बांगड्या भरलेला बाईचा हात कोरलाय. सवाष्णी त्याला कुंकू लावतात. नवरा गेल्यापासून मला मनाई आहे.

परवा एक पिकल्या केसांची बाई ते कुंकू ओल्या फडक्याने पुसत होती. म्हणाली, शेकडो वर्षांपूर्वीच्या बायकांचा इतिहास शोधण्यातच सगळी नोकरी सरली.

"मॅडम, देवी आहे ती," मंडळाचा अध्यक्ष खेकसला.

"देवी नाही. नवऱ्याच्या चितेवर जाळलेली बाई आहे. तिचं नावसुद्धा कोणी कोरलं नाही." तिने हात थांबवला नाही.

अध्यक्ष माझ्याकडे वळला. "आजी, तुम्ही तरी सांगा."

"काय सांगू? ती जळली म्हणून तिला कुंकू, आणि मी जगले म्हणून मला मनाई?"

मी पदर खोचला आणि त्या बाईला विचारलं, "दुसरं फडकं आहे का?"